दादा दुसऱ्यांदा ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलाय, तारखेआधी व्यसनाची तपासणी करावी का?

नमस्कार मंडळी, नाव-गाव टाकत नाही, समजून घ्या.

दादाला (वय ४१) गेल्या शनिवारी पुण्यात नाकाबंदीत पकडलं. मशीनच्या चिठ्ठीवर आकडा ११२ (१०० मिली रक्तात इतके मिलिग्रॅम अल्कोहोल). मर्यादा ३० ची. तीन वर्षांपूर्वीही हेच झालं होतं. तेव्हा १०,००० भरून घरी आला, "मिटलं" म्हणाला आणि आम्हीही हुश्श केलं. पितोस किती, हे कोर्टानं विचारलं नाही, आम्हीही नाही. आता मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दुसऱ्यांदा, म्हणजे १५,००० दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मामेबहीण अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. ती म्हणाली, तिकडे अशा माणसाचं व्यसन किती आहे ते आधी तपासतात, गरज दिसली तर किमान १६ आठवडे उपचार. म्हणून मी डब्ल्यूएचओची 'ऑडिट' ही दारूच्या सवयीची प्रश्नावली छापून आणली. दहा प्रश्न, ४० गुण, ८ पासून धोका. दादाला आले ७. "बघ, पास!" वहिनीनं कागद ओढून घेतला. "एका वेळी 'एक-दोन' लिहिलंयस, ते एक-दोन काय?" तर क्वार्टर (१८० मिली)! फॉर्ममधलं एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, साधारण ३० मिलीचा पेग. एका क्वार्टरमध्ये तसे सहा. दादा काही न बोलता गॅलरीत गेला.

वकील म्हणतात, दंड भरा, कागदावर काही आणू नका. त्याच कायद्याच्या कलम १९ खाली सराईत दारुड्याचं लायसन्स रद्द होऊ शकतं, रिपोर्ट आपल्यावरच उलटेल. दादाची नोकरी फिरतीची. मला विचाराल तर लायसन्स गेलेलं परवडलं, पण घर त्याच्या पगारावर चालतं, माझ्या नाही.

कोणी असा रिपोर्ट कोर्टात दिलाय का? फायदा झाला की तोटा? मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे भरती न होता नुसती तपासणी होते का, आणि त्यात घरच्यांनाही विचारतात का? कारण त्याचं गणित तुम्ही वर पाहिलंच.

जेवणातून गुपचूप दारू सोडवायची गोळी द्यायचे सल्ले कृपया नकोत, ते जिवावर बेतू शकतं. "आजपासून बंद कर" हेही नको. सकाळी तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, एवढं वाचलंय.

तारीख १४ ला आहे. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. दुसरी सापडत नाहीये.