बेसाला दुकान आहे, टीव्ही-एसीची ऑथराइज्ड डीलरशिप घेऊ का?

बेसारोडवाला:
नमस्कार मंडळी. नागपुरात बेसा रोडवर घरचाच गाळा आहे, भाडं नाही. इकडे फ्लॅट स्कीम येऊनच राहिल्या आहेत आणि लोक अजूनही टीव्ही घ्यायला बर्डीलाच (सीताबर्डीच्या बाजारात) जातात, म्हणून एखाद्या नावाजलेल्या कंपनीची टीव्ही, एसी, जमलंच तर लॅपटॉपची डीलरशिप घ्यायचा विचार चालू आहे. कंपनीच्या साइटवर फॉर्म भरला तर नुसता ऑटो रिप्लाय आला. थेट कंपनीकडूनच घ्यावं लागते की डिस्ट्रिब्युटरकडे जाऊ? आणि एकाने सांगितलं की सुरुवातीला जीएसटी कंपोझिशनमध्येच (छोट्या दुकानदारांची सोपी स्कीम) घे, विक्रीवर 1 टक्काच भरावा लागते. खरं आहे का?

बर्डीकर_जुना:
साइटवरचा फॉर्म विसर भाऊ. नवीन माणसाला कंपनी थेट बिलिंग सहसा देत नाही, तुझ्या एरियाचा डिस्ट्रिब्युटर कोण ते शोध, त्याचा सेल्समन रोज बर्डीत फिरत असते, कोणत्याही दुकानात विचार. तो एरिया मॅनेजरला घेऊन येईल, गाळ्याचे फोटो काढतील, गुमास्ता (दुकानाची नोंदणी), जीएसटी, कॅन्सल चेक मागतील आणि डीलर कोड पडेल. डीलरशिपचं लेटर मिळणं काही कठीण नाही राजा, पुढचंच कठीण आहे. कोड पडला की महिनाअखेर टार्गेटचा फोन सुरू होते, "अजून चार पीस उचला, स्कीम बसेल", म्हणजे जास्तीची सूट मिळेल. स्कीम तोंडी असते आणि त्या सुटीची क्रेडिट नोट तीन-तीन महिन्यांनी येते, तोवर तू त्या स्कीमच्या भरवशावर माल कमी भावात विकून मोकळा झालेला असतो. म्हणून सही करायच्या आधी तीन गोष्टी मेलवर लिहून घे: भाव पडला तर पडून असलेल्या स्टॉकचा फरक कोण देईल, डब्यातूनच खराब निघालेला पीस किती दिवसांत बदलून मिळेल, आणि सिक्युरिटी म्हणून दिलेला चेक कधी परत येईल. कोरा चेक तर कोणालाच देऊ नको, रक्कम आणि तारीख टाकूनच दे.

अकाउंटवाली_ताई:
कंपोझिशनचं ज्याने सांगितलं त्याने अर्धवटच सांगितलं. 1 टक्का खरा आहे, पण खरेदीवर भरलेल्या 18 टक्क्यांचं क्रेडिट (म्हणजे तेवढी वजावट) तुम्हाला मिळणार नाही आणि बिलात टॅक्सही दाखवता येणार नाही, म्हणजे क्रेडिटसाठी टॅक्सचं बिल मागणारा ऑफिसवाला गिऱ्हाईक गेलाच. एवढ्या बारीक मार्जिनच्या धंद्यात ते परवडत नाही, रेग्युलर जीएसटीच घ्या. आणि दर महिन्याला जीएसटी पोर्टलवर 2बी (तुमच्या क्रेडिटची यादी) बघायची सवय लावा, डिस्ट्रिब्युटरने रिटर्नमध्ये बिल दाखवलं नाही तर तुमचं क्रेडिट अडकते. स्टॉक भरून ठेवायचा धोका 22 सप्टेंबर 2025 ला दिसलाच, एसी आणि मोठे टीव्ही 28 टक्के जीएसटीवरून 18 वर आले, ज्यांनी 28 ने माल भरून ठेवला होता त्यांचं जास्तीचं क्रेडिट लेजरमध्ये पडून राहिलं. गुमास्ताचं टेन्शन घेऊ नका, 20 पेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन सूचना दिली की झालं.

हिंगणा_सप्लायर:
मी तर म्हणतो काउंटरचा नादच सोड. मोठ्या शोरूमवाल्यांच्या आणि ऑनलाइनच्या भावाला तू पुरणार नाही. मी लॅपटॉप-प्रिंटर हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना देतो, गिऱ्हाईक टिकते. फक्त पेमेंटला दम पाहिजे, साठ दिवस म्हणतात आणि नव्वद लावतात. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काढलं की 45 दिवसांत पैसे येतात असं कोणी सांगेल तर ऐकू नको, ते कारखानदार आणि सर्व्हिसवाल्यांसाठी आहे, आपल्यासारख्या ट्रेडर्सना उद्यमचा फायदा बँकेच्या लोनपुरताच.

बर्डीकर_जुना:
@हिंगणा_सप्लायर भाऊ, नव्वद दिवस पैसे अडकवायची ताकद नवीन पोराजवळ कुठून येईल? त्याचा गाळा घरचा आहे, तोच त्याचा फायदा. उन्हाळ्यात नुसत्या कूलरवर खर्च निघते. ब्रँडेड एसी मात्र आधी ओळखीच्या डीलरकडून सब-डीलर म्हणून दोन-दोन पीस आणून विकून पाहा, मार्जिन कमी मिळेल पण टार्गेट डोक्यावर नाही.

बेसारोडवाला:
थँक्स सगळ्यांना, कंपोझिशन कॅन्सल. मुद्रा योजनेतून 10 लाखांचं 'तरुण' गटातलं लोन काढून सगळा स्टॉकच भरणार होतो, आता निम्म्यातच सुरू करतो. अजून एक, गिऱ्हाइकाला हप्त्यावर माल देणाऱ्या फायनान्सवाल्या कंपनीचा माणूस दुकानात बसवावा लागते का?

अकाउंटवाली_ताई:
बसवावा लागत नाही, पण ईएमआयशिवाय आजकाल एसी विकून दाखवा! झिरो टक्क्याचं व्याज कोणाच्या खिशातून जाते ते तेवढं आधी विचारा, बऱ्याच स्कीममध्ये त्यातला काही भाग डीलरच्या पेमेंटमधूनच कापतात.

हिंगणा_सप्लायर:
आणि वॉल माउंट लावणारा एक पोरगा आत्ताच धरून ठेव. दिवाळीत कंपनीचा इन्स्टॉलेशनवाला चार-चार दिवस येत नाही आणि गिऱ्हाईक फोन तुलाच करते.