प्रति: बंगलेवाल्यांचा विरोध
भाऊ, वर तुम्ही म्हणालात, कॉलनीलगत उंच इमारती नको म्हणणारे बंगलेवाले निव्वळ आपमतलबी. मी त्यातलाच, जळगावचा. आमची कॉलनीही एके काळी कपाशीचं शेतच होती, तेव्हा 'बाहेरचे नकोत' हे आमच्या तोंडी शोभत नाही, कबूल. पण वाघूर धरणाचं पाणी नळाला सुटलं की गल्लीभर पाणी खेचणाऱ्या पंपांची घरघर सुरू होते आणि शेवटच्या घरी बादलीही भरत नाही. त्यात आणखी चाळीस फ्लॅट?

अशा इमारतींसाठी शहराच्या विकास आराखड्यात होणारा बदल महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७ खाली असेल तर हरकतीला एक महिना मिळतो. अर्जात 'आमचा वारा अडतो' (आमच्या शेजाऱ्यांनी खरंच लिहिलं होतं!) लिहू नका. जलवाहिनी किती इंची, ते विचारा.