प्रतिसाद: येऊरची थंडी आणि तापमानवाढ

"पहाटे येऊरला कानटोपी लागते, मग तापमानवाढ कुठाय?" हे म्हणणं पटलं नाही. उत्तरेचे गार वारे दोन-चार दिवस टिकले की ठाण्यात आणि लगतच्या येऊरच्या डोंगरावर पारा उतरतोच. तापमानवाढ ठरते ती साऱ्या पृथ्वीच्या सरासरीवरून, आणि त्यात २०२४ हे नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिनेटर जेम्स इनहोफ यांनी अमेरिकी सिनेटमध्ये बर्फाचा गोळा आणून कानटोपीसारखाच, बाहेर थंडी आहे म्हणजे तापमानवाढ नाही, असा मुद्दा मांडला होता.

आज नेहमीपेक्षा गार वाटलं की लोकांची तापमानवाढीची काळजी कमी होते, हे अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या पाहण्यांत दिसलंय. मला भीती याचीच वाटते. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला भर उन्हातल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसं गेली. जानेवारीत पंखा बंद झाला की आपण ते विसरतो, आणि उन्हाळ्याची तयारी पुन्हा एप्रिलवर ढकलतो.