बाल्कनीतली भाजी: 11 बाय 4 फूट, सकाळचं चार तास ऊन. काय लावावं?

वारजेकर
जागा पुण्यात, चौथा मजला. बाल्कनी पूर्वेला, 11 फूट लांब आणि 4 फूट रुंद. ऊन सकाळी 7 ते 11, नंतर नुसता उजेड. पुढे पूर्ण उंचीची ग्रिल, तिच्यावर कबुतरजाळी. नळ आत, ओट्याजवळ. घरात चार माणसं. गणपती गेले की सुरुवात करायची आहे.
डोक्यात टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, मेथी, पालक, कोथिंबीर आहे. आठवड्यातून दोनदा घरची भाजी व्हावी ही अपेक्षा. खर्च 5,000 रुपयांपर्यंत. ऑनलाइन तयार किट मिळतात, ती घ्यावीत का? माती कशी बनवायची, किती लागेल? स्लॅबवर वजन किती चालतं?

मातीगोटा
यादीतून टोमॅटो, वांगी आणि ढोबळी आत्ताच काढा. फळभाजीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. चार तासांत झाड जगतं, उंचही होतं, पण फुलं कमी येतात आणि गळतात. मग लोक खतं बदलत बसतात. पालेभाजीला मात्र तीन-चार तास पुरतात, आणि सकाळचं ऊन तिला दुपारच्या उन्हापेक्षा मानवतं.

आता अपेक्षेचा हिशोब. दाट पेरलेली मेथी एका चौरस फुटाला साधारण 80 ते 100 ग्रॅम निघते. चार माणसांच्या भाजीला दोन मध्यम जुड्या, म्हणजे अर्धा किलो तरी हवी, म्हणजे एका वेळच्या भाजीला 5 ते 6 चौरस फूट. पेरल्यापासून काढणीपर्यंत तीन ते साडेतीन आठवडे जातात. दर आठवड्याला एकदा भाजी हवी असेल तर असे तीन वाफे पाळीपाळीने पेरत राहायचे, एकूण 16-18 चौरस फूट. तुमच्या 44 चौरस फुटांतून दाराकडे दीड फूट चालायला सोडलं तर 27 उरतात. म्हणजे आठवड्याला एक पालेभाजी, वर फोडणीपुरती मिरची, कोथिंबीर, पुदिना. दोनदा होणार नाही. मांडणी लावून दुमजली केलंत तरी खालच्या कप्प्यात ऊन पोचत नाही, तिथे फार तर पुदिना किंवा अळू टिकेल.

किट घेऊ नका. त्यात पिशव्या लहान असतात आणि बियाणं कधीचं आहे ते कळत नाही.

गच्चीवरची
मातीगोटांच्या हिशोबाला धरून सामान सांगते. गोल कुंड्या घेऊ नका, मधली जागा फुकट जाते. फळांच्या जाळीदार प्लॅस्टिक क्रेट मार्केट यार्डाच्या आसपास जुन्या मिळतात, साधारण 20 बाय 13 इंचाच्या. एकीत जवळपास 1.8 चौरस फूट जागा मिळते, म्हणजे तीन क्रेट म्हणजे एका भाजीचा वाफा. अशा नऊ घ्या. आतून हिरव्या शेडनेटचं अस्तर लावा, नाहीतर माती जाळीतून गळते. प्लॅस्टिकचा कागद लावू नका, पाणी अडतं. पालेभाजीला 6 इंच माती पुरे, काठोकाठ भरायची गरज नाही.

एका क्रेटला 6 इंचांनी साधारण 25 लिटर मिश्रण बसतं. नऊ क्रेट म्हणजे 225 लिटर. समान तीन भाग करा:
लाल माती 75 लिटर (चाळून, खडे काढून),
कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, 75 लिटर (5 किलोची एक वीट भिजवली की 60-75 लिटर होते),
मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत 75 लिटर, वजनाने 45 किलोच्या आसपास.
शिवाय प्रत्येक क्रेटला एक मूठ (50 ग्रॅम) नीमपेंड आणि एक चमचा ट्रायकोडर्मा (मुळांची कूज रोखणारी उपयोगी बुरशी, पावडर मिळते).

काळी माती घालू नका. कुंडीत ती ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की कडेने भेगा पडतात. मग पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. वरून ओलं, खालून पाणी वाहतंय, तरी झाड मान टाकतंय, असं दिसलं की कारण बहुतेक हेच.

कोकोपीट दोनदा-तीनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. स्वस्त विटांमध्ये क्षार जास्त असतात. न धुता वापरलं तर पानांच्या कडा करपतात आणि बी उगवायला त्रास देतं.

शिवण_निळी
वजनाबद्दल. वरचं मिश्रण ओलं असताना एक क्रेट 25 किलोच्या आसपास भरते, म्हणजे चौरस मीटरला 150 किलो. आयएस 875 (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे राहत्या इमारतीच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला सुमारे 300 किलोचा भार धरतात, त्यामुळे एका थरात अडचण नाही. पण इमारत जुनी असेल, स्लॅबच्या खालून गिलावा सुटला असेल, सळई दिसत असेल तर हे आकडे विसरा आणि आधी इंजिनिअरला दाखवा. आणि वजन कठड्याच्या टोकाला रांगेने लावण्यापेक्षा जितकं भिंतीकडे सरकवता येईल तितकं बरं. बाल्कनी बाहेर आलेली असते, टोकाचा भार तिला जास्त जड जातो.
गच्चीवर करणाऱ्यांनी हा हिशोब उचलू नये. वापरत्या गच्चीसाठी साधारण 150 किलोच धरतात. तिथे क्रेट एकमेकींना चिकटून न लावता मध्ये जागा सोडून लावा.

क्रेट विटांच्या तुकड्यांवर ठेवा, खाली दोन इंच हवा खेळली पाहिजे. त्याने फरशीवर डाग पडत नाहीत आणि खालच्या मजल्याची तक्रार येत नाही. ताटल्या ठेवल्याच तर दर दोन दिवसांनी रिकाम्या करा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

अमृतमाती
मातीच कशाला विकत आणायची? श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या (शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचा गट) वाटेने गेलात तर पालापाचोळ्याची भर घालून क्रेट निम्म्या वजनात होते. 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ. दिवसातून तीनदा ढवळत तीन दिवस ठेवायचं. चौथ्या दिवशी एकाला दहा पाणी घालून पातळ करायचं, त्यात वाळका पाला 24 तास भिजवायचा आणि थोड्या मातीबरोबर थरावर थर रचायचे. खर्च जवळपास शून्य.

मातीगोटा
पद्धत चांगलीच आहे, पण पाला कुजून भुसभुशीत व्हायला दीड-दोन महिने जातात आणि थर खाली बसतो. चौथ्या मजल्यावर बंद घराला लागून शेण-गोमूत्र तीन दिवस ठेवायचं का, हेही घरच्यांना विचारा. वारजेकरांना गणपतीनंतर लगेच पेरायचंय. आत्ता गच्चीवरचीने सांगितलेलं मिश्रण भरा आणि पाल्याचा एक पिंप बाजूला चालू ठेवा. उन्हाळ्यात माती ताजी करायला तो कामी येईल.

वारजेकर
धन्यवाद, वांगी गेली. मग आता पेरणी कशी? बियाणं कुठलं?

गच्चीवरची
मेथीला किराणातली मेथी चालते. एका क्रेटला 5-6 ग्रॅम, म्हणजे भरून एक चहाचा चमचा आणि वर थोडी. रात्रभर भिजवून पसरा, अर्धा सेंटिमीटर मिश्रणाने झाका, झारीने पाणी द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात.
कोथिंबिरीचे धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. उगवायला 8 ते 12 दिवस लागतात, तोवर "बी वाईट निघालं" म्हणून उकरू नका. किराणातले धणे जुने असले तर उगवत नाहीत, तेव्हा आधी ओल्या फडक्यात वीस दाणे उगवून पाहा. काढणी 40 दिवसांनी. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती पटकन फुलावर जाते, म्हणून पहिली पेर थोडीच करा, मोठी पेर नोव्हेंबरात.
पालकाचं बी 12 तास भिजवून 3 इंचांवर. पहिली कापणी महिन्याने. जमिनीपासून दोन बोटं सोडून कात्रीने कापा, तीन-चार कापण्या मिळतात.
लाल माठ 25-30 दिवसांत तयार. त्याचं बी फार बारीक असतं, कोरड्या वाळूत मिसळून फेका, नाहीतर एका जागी गुच्छ उगवतो. मुळा हवा असेल तर क्रेट 9-10 इंच भरायला लागेल. शेपू आणि चुका मेथीइतकेच सोपे.

तीन वाफे एकाच दिवशी पेरू नका. आठ दिवसांच्या अंतराने पेरा आणि रिकाम्या झालेल्या वाफ्यात प्रत्येक क्रेटला दोन मुठी गांडूळखत मिसळून पुढची पेर करा. एकाच क्रेटमध्ये मेथीमागून मेथी नको, मध्ये माठ किंवा पालक घ्या.

शिवण_निळी
ग्रिल रिकामी ठेवू नका. मायाळू लावा. कमी उन्हातही वेल चांगला धावतो, पानं जाड, भज्यांना आणि डाळीत उत्तम. वीतभर काडी पाण्यात किंवा मातीत खोचली की आठवडा-दोन आठवड्यांत मुळं धरते. 12 बाय 12 इंचाची एक पिशवी (साधारण 22 लिटर) पुरे. थंडीत त्याची वाढ मंदावते, तेव्हा घाबरू नका, खतही वाढवू नका.
मिरचीच्या दोन पिशव्या सर्वात जास्त ऊन येणाऱ्या कोपऱ्यात. पीक गच्चीवरच्या झाडाइतकं येणार नाही. राहुरी विद्यापीठाची 'फुले ज्योती' चांगली, मिरच्या झुबक्याने लागतात.

तांबडं_पान
किडींबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळून वाटीसारखी झाली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळून लांबट झाली तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड). उपाय वेगळे आहेत. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि नीमतेल: 1 लिटर कोमट पाण्यात आधी 1-2 मिली द्रव साबण, मग 5 मिली नीमतेल, हलवत राहून लगेच फवारायचं. उरलेलं उद्यावर ठेवायचं नाही. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. कोळ्यांना पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम. पारा 35 अंशांच्या वर असताना गंधक मारलं तर पानं जळतात.
पालेभाजीवर मात्र काही फवारू नका. मावा दिसला तर पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवा, जास्त असेल तर वाफा कापून मोकळा करा. तीन आठवड्यांच्या पिकासाठी औषध कशाला?
रोपं जमिनीलगत काळी-बारीक होऊन कोलमडली तर ती मर. कारण जवळपास नेहमी जास्त पाणी आणि फार दाट पेर. मेलेली रोपं मातीसकट काढा, दोन दिवस पाणी बंद.

वारजेकर
पाणी किती? रोज?

तांबडं_पान
रोज असं ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा, ओल लागली तर थांबा. ऑक्टोबरात क्रेटला बहुतेक रोज एक-दीड लिटर लागेल, डिसेंबरात दिवसाआड. नेहमी सकाळी. कोकोपीट वरून लवकर वाळलेलं दिसतं, खाली ओलं असतं, म्हणून नुसतं बघून पाणी घालणारे झाडं कुजवतात. नळ आत आहे म्हणता, तर नऊ क्रेटसाठी 16 मिमीची नळी, प्रत्येक क्रेटला दोन 2 लिटर-ताशी ड्रिपर आणि उंचावर 20 लिटरची बादली एवढं पुरतं. पण बादलीचा दाब कमी असतो, ड्रिपर ठरलेल्या वेगाने गळत नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येकाखाली वाटी ठेवून अर्ध्या तासात किती आलं ते मोजा.

मातीगोटा
एक राहिलं. फेब्रुवारीनंतर काकडी किंवा दोडक्याचा मोह होईल. चार तासांत थोडंफार येईल, पण चौथ्या मजल्यावर, त्यात जाळीआड, मधमाश्या येतीलच असं नाही. हाताने परागीकरण करायचं तर वेळ वेगळी: काकडी, कारलं सकाळी लवकर, दोडका आणि दुधी संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात. नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर टेकवायचं. मादी फुलामागे बारकं फळ दिसतं.

वारजेकर
ठरलं. नऊ क्रेट, तीन पाळ्या, ग्रिलवर मायाळू, दोन मिरच्या. लाल माती रोपवाटिकेत पोत्याने मिळते, 75 लिटरला किती पोती?

गच्चीवरची
पोती वेगवेगळ्या मापाची असतात, वजनावर जा. कोरडी लाल माती लिटरला साधारण सव्वा किलो, म्हणजे 90-95 किलो. चाळल्यावर खडे निघतात, म्हणून 110 किलो मागवा. ओली माती वजनावर घेऊ नका, पाण्याचे पैसे द्याल.