चर्चा: ‘सगळंच एररवर छापा’ म्हणणाऱ्यांसाठी

संत्रावाला_वरूड
काल एका भाऊनं लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरबद्दल (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिलं, "ड्रायव्हरमधलं सगळं पीआर_एरवर टाका, बोर्डावर क्वाएट असला की बाकी दिसतच नाही." म्हणजे साधा संदेशही पीआर_एरनं, एररच्या पातळीवर छापा, कारण क्वाएट या बूट सेटिंगनं कन्सोलवर बाकी दिसत नाही. डोकं सणकलं. अशाच कोणाचा तरी पंप कंट्रोलर आमच्या बगीच्यात बसलाय. सेन्सर सापडला, एरर. रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) तयार नाही म्हणून प्रोब (ड्रायव्हर हार्डवेअरला जोडणं) पुढं ढकललं, तरी एरर! त्यासाठी डेव्ह_एर_प्रोब आहे ना, डिफर (पुढं ढकललेलं) असेल तर ओळ आपोआप डिबगवर, सगळ्यांत कमी महत्त्वाच्या पातळीवर जाते. क्वाएटनं कन्सोलची पातळी 4 होते, म्हणजे 0 ते 3 छापतात (3 म्हणजे एरर, आकडा लहान तितकं गंभीर). इन्फो (साधी माहिती) हरवत नाही, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदीत) असते. मोटर खरंच अडकली तेव्हा ती ओळ या ढिगात कुठं शोधू?

फिल्डवरचा_पोऱ्या
डीमेसेज रॅममध्ये असते, भाऊ. लाइन गेली की सफाचट. सकाळी शेतावर पोचलो तं वाचू काय? म्हून सिरियलले (कन्सोलच्या तारेले) नोंदी साठवणारा लॉगर लावला अन् सगळं एररवर टाकलं. तो कालचा मीच.

संत्रावाला_वरूड
रॅमूप्स लाव मग, ते रॅमच्या राखीव तुकड्यात नोंदी ठेवते.

कपाशी_यवतमाळ
रॅमूप्स गरम रीबूटले टिकते, लाइन गेल्यावर नाही. अन् मले सांगा, रात्रीच्या पाळीत पाणी द्याचं काहून? दिवसा थ्री फेज मागून थकलो. अंधारात रानडुकरं, पायाखाली साप. माया काका बांधावरून पडला, पाय मोडला. तुमी पातळ्या मोजत बसा!

फिल्डवरचा_पोऱ्या
हाव ना! दिवसा लाइन असती तं लॉगरच लागला नसता.

कपाशी_यवतमाळ
अन् सोलर पंपाचा अर्ज केला तं वर्षभर नुसतं ‘प्रक्रियेत’.

सावनेरची_ताई
लाइनीचं रडगाणं पुरे. सिरियलच्या 9600 बॉड वेगावर सेकंदाला साधारण 960 अक्षरं जातात, म्हणजे 80 अक्षरी ओळी 12. इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरनं हाक मारली की लगेच चालणारा कोड) एरर छापत बसलात तर पंप थांबवायचं काम खोळंबतं. निदान रेटलिमिटेड (संदेशांचा वेग रोखणारं) वापरा, मूळ सेटिंगवर 5 सेकंदांत 10 संदेश. अन् लॉगरवर जास्त हवं तर लॉगलेव्हल (कन्सोलची पातळी) वाढवा, संदेशाची पातळी कशाला खोटी करता?

फिल्डवरचा_पोऱ्या
बरं ताई, तुमी मोठ्या. हार्डवेअर मेलं तं एरर, रडतखडत चाललं तं वॉर्निंग. झालं समाधान? पण वेंडरनं बिल्डमध्ये डायनॅमिक डिबगच (चालत्या कर्नलमध्ये डिबगच्या ओळी सुरू करायची सोय) बंद ठेवलं हाये. तुमची पीआर_डीबग कुठून चालू करू?

संत्रावाला_वरूड
मग वेंडरशी भांड. आमच्या कन्सोलवर राग काहून काढतं?