क्रियाविशेषण कोणतं, सांगा ना बावा

पोट्टी सहावीत हाय, गृहपाठात वाक्य आलं ‘मजूर चढावर सावकाश पायऱ्या रचतात’. मी म्हटलं सावकाश, ते म्हणते ‘चढावर’ पण क्रियाविशेषणच. काऊन?

— भाऊ, क्रियापदाले विचारा, रचतात कसं? सावकाश. ‘चढावर’ मधी नामाले ‘वर’ चिकटलं, ते शब्दयोगी. ‘वर रचतात’ असं सुटं असतं त क्रियाविशेषण झालं असतं.

— अन् ‘उंच पायरी’त उंच विशेषण, ‘उंच उडते’त क्रियाविशेषण. इथंच पोट्टे फसतात.

— व्याकरण राहू द्या जी, आमी चिखलदऱ्याकडं शेताच्या चढावर पायऱ्या रचल्या, खालूनच सुरू करा, वरचा दगड खालच्याच्या मागच्या काठावर बसवा अन् समोर जरासा उतार ठेवा, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरते, मी घसरलो ना!

— घसरला कसा? धाडकन. हेबी क्रियाविशेषणच 😄