घरोघरी बंदूक दिली की शहर सुरक्षित होतं, हे कुठल्या संशोधनात सापडलं?

माहीमची मृणाल
काल इथेच एक पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. दावा असा: अमेरिकेत दरवर्षी २५ लाख लोक बंदुकीच्या जोरावर स्वतःचा बचाव करतात, हे संशोधनाने सिद्ध झालंय, म्हणून मुंबईतही मागेल त्या सज्जन माणसाला परवाना द्या. खाली लाइकचा ढीग.

हा २५ लाखांचा आकडा क्लेक आणि गर्ट्झ या गुन्हेशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या निबंधातला आहे. जवळपास पाच हजार लोकांना फोन केले. त्यातले एक-सव्वा टक्का म्हणाले की हो, वर्षभरात बंदूक वापरली. तो टक्का मग अख्ख्या देशाला लावला. एवढ्या दुर्मीळ गोष्टीत शंभरातल्या एकाने जरी आधीच्या वर्षाची घटना या वर्षात सांगितली किंवा थोडी बढाई मारली, तरी उत्तर लाखांनी फुगतं. गुन्ह्याला बळी पडलेल्यांची तिथलं सरकार जी पाहणी करतं, तिच्यातून हाच आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो.

दुसरा आधार अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांचा. लोकांना शस्त्र घेऊन फिरू द्या, गुन्हे घटतात, असं त्यांनी १९९७ मध्ये मांडलं. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने तो सगळा पुरावा तपासला आणि सांगितलं की गुन्हे घटतात असंही म्हणता येत नाही आणि वाढतात असंही नाही. पुढे २०१९ मध्ये डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी काढलं की असे कायदे केलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्के जास्त होते, म्हणजे ते कायदे नसते तर जेवढे झाले असते त्याच्या तुलनेत.

यात 'सिद्ध झालंय' कुठे आहे?

मुलुंडकर
ती पोस्ट माझी. समितीचं सांगितलंत, पण त्याच समितीतल्या जेम्स विल्सन यांनी वेगळं मत नोंदवलं होतं. खुनांच्या बाबतीत लॉट यांचा निष्कर्ष टिकतो, असं ते म्हणाले होते. ते बरं गाळलंत!

आणि निबंध बाजूला ठेवा. माझ्या मामांची भुलेश्वरला पेढी आहे. भरदिवसा गावठी कट्टा कानशिलाला लावून लुटलं त्यांना. नंतर परवान्यासाठी अर्ज केला. पडताळणी, हेलपाटे, कागदांवर कागद, आणि शेवटी नकार. चोराला कुठे परवाना लागतो? कायदा पाळणाराच तेवढा निःशस्त्र.

दहिसर पश्चिम
दादा, आमच्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना गोळ्या घातल्या. ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं. त्याच्या आधी सहाच दिवस उल्हासनगरला आमदाराने पोलीस ठाण्याच्या आत गोळीबार केला. २००६ मध्ये वरळीला प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, तेही परवान्याचंच पिस्तूल. यातला चोर कोण?

मुलुंडकर
तीन घटनांवरून धोरण ठरत नाही. देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून विनापरवाना हत्यारांनी होतात. आणि २६/११ विसरलात? सीएसटीवर एकाच्या जरी खिशात पिस्तूल असतं तर?

नायगाव पोलीस वसाहत
२६/११ चं नाव घेतलंत म्हणून लिहितोय. माझे वडील हवालदार होते. त्या रात्री ड्युटीवर होते. हातात काठी. ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांच्याकडे जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल, आणि समोर एके-४७. तुकाराम ओंबळ्यांनी गिरगाव चौपाटीवर ती नळी नुसत्या हातांनी धरून ठेवली, म्हणून कसाब जिवंत सापडला.

'एकाच्या खिशात पिस्तूल असतं तर' म्हणता. करकरे, कामटे, साळसकर, तिघेही सशस्त्र होते. साळसकरांसारखा नेमबाज तुमच्या सोसायटीत कोण आहे? तरी कामा रुग्णालयाच्या शेजारच्या गल्लीत गाडीतच गेले ते. आणि त्या गर्दीत तुम्ही गोळी चालवली असती तर ती कोणाला लागली असती? पोलिसांना कसं कळणार होतं की तुम्ही सज्जन आहात?

लालबागची सुवर्णा
अगदी. आणि आज तरी पोलिसांची काय अवस्था आहे? सणाला सोळा-सोळा तास उभे. गळकी घरं.

नायगाव पोलीस वसाहत
ताई, घरांचं तर बोलूच नका. पावसाळ्यात छताचा गिलावा ताटात पडतो. वडील निवृत्त झाले तरी त्यांचा नेमबाजीचा सराव शेवटचा कधी झाला होता हे त्यांना आठवत नव्हतं. एक शिपाई आजारी पडला की दुसऱ्याने दोन बीट सांभाळायचे.

मुलुंडकर
मग मीही तेच म्हणतोय ना! पोलीस पुरे पडत नाहीत, म्हणून माणसाने स्वतःची सोय करावी.

नायगाव पोलीस वसाहत
नाही, तेच नाही म्हणत तुम्ही. मी मागतोय वडिलांच्या जागी उभ्या राहणाऱ्या पोरांसाठी जॅकेट, सराव, आठ तासांची पाळी. तुम्ही मागताय स्वतःच्या कंबरेला पिस्तूल. रस्त्यावरच्या प्रत्येक भांडणात समोरच्याकडे हत्यार असेल असं धरून त्या पोराने जायचं का? त्याच्या आईला सांगून या.

मुलुंडकर
आवाज खाली. माझे मामाही कोणाचे तरी वडील आहेत.

मृणाल
दोघेही थांबा. विल्सन यांची नोंद खरी आहे, मान्य. पण समितीच्या इतर सदस्यांनी तिला त्याच अहवालात उत्तर दिलंय, तेही वाचा. आणि पुरावा अपुरा का राहिला तेही बघा. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने कलम घातलं की सरकारी पैशातून बंदूक-नियंत्रणाचा प्रचार करायचा नाही, आणि वीसहून जास्त वर्षं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने या विषयाला जवळजवळ हात लावला नाही.

परळची मावशी
मी रुग्णालयात नर्स होते. इतका वेळ सगळे चोर आणि दहशतवादी मोजताहेत. अमेरिकेत बंदुकीने जे मरतात त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्यांच्याबद्दल कोणीच कसं बोलत नाही?

माझा चुलत दीर फौजेतून निवृत्त होऊन बँकेत गार्ड होता. स्वतःची बारा बोअरची बंदूक, रीतसर परवाना. नोकरी सुटली, कर्ज झालं, घरात वाद. एका रात्री बंदूक हाताशी होती. माणूस वाईट नव्हता हो. त्या रात्रीपुरता खचला होता. विष घेतलेल्या ज्यांना मी वाचवलं, त्यांतले कितीतरी नंतर मुलांना घेऊन भेटायला यायचे. गोळी ती संधी देत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये २००३ नंतर सैन्य निम्म्यावर आणलं, घरोघरच्या लष्करी बंदुका कमी झाल्या. सैन्यात जायच्या वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या घटल्या आणि बहुतेकांनी दुसरा मार्ग धरला नाही.

मृणाल
मावशी, हेच मला पुढच्या पोस्टमध्ये लिहायचं होतं. २०२२ चा कॅलिफोर्नियाचा अभ्यास आहे, लाखो लोकांचा. घरात दुसऱ्या कोणाचं तरी पिस्तूल आहे, स्वतःचं नाही, अशा माणसांचा. बंदूक नसलेल्या घरांतल्यांपेक्षा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सातपटीहून जास्त निघालं. बळी बहुतेक बायका. परवाना नवऱ्याच्या नावावर, धोका बायकोला.

मुलुंडकर
घराचा मुद्दा सोडतो. मावशींशी मी वाद घालणार नाही. पण पेढीचा नाही सोडत. मामांच्या कानशिलाला लावलेलं हत्यार कुठल्या अभ्यासात मोजलं जात नाही.

नायगाव पोलीस वसाहत
कट्टे येतात कुठून ते शोधायला माणसं द्या, मग बघू. सध्या तरी मामांच्या गल्लीत रात्रीची गस्त असते का?

मुलुंडकर
नावाला. नकाराविरुद्ध आम्ही अपील करतोय.

मृणाल
करा, तो तुमचा हक्क आहे. परवाना मिळालाच तर ते हत्यार पेढीवरच्या तिजोरीत राहू दे. मामींच्या घरी नको.

मुलुंडकर
ते मामींनी आधीच बजावलंय.